आवडलं नाही, तर दिवा बंद करा!

छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या जगात एक विनोद पिढ्यान् पिढ्या फिरतोय. रात्री एकाच इंजिनाचं विमान उडवताना इंजिन बंद पडलं तर काय करायचं? उत्तर: तरंगत खाली या, जमीन जवळ आली की लँडिंग लाइट लावा. समोर दिसतंय ते आवडलं, तर उत्तम. आवडलं नाही, तर दिवा बंद करा.

अमेरिकेत विमान शिकायला गेलात, तर पहिल्या काही महिन्यांतच हा विनोद तुमच्या कानावर पडतो. सांगणारा बहुतेक वेळा अनुभवी माणूस असतो. सगळे हसतात, कॉफी संपते आणि दोघं-तिघं उठून रात्रीच्या उड्डाणाला निघतात.

विनोद चांगला आहे, हे कबूल. माझी तक्रार अशी की तो विनोद राहत नाही, तो धोरण होतो. ‘रात्री इंजिन गेलं तर तसंही काही करता येत नाही’ हे वाक्य त्याच्या पोटात दडलेलं असतं आणि एकदा ते पटलं की तयारी करण्याचं कारणच उरत नाही. आपल्याकडे ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ म्हणतात. हे त्याचंच अमेरिकी रूप. फक्त इथलं खाटलं हवेत आहे आणि त्यावर कधी कधी चार माणसं बसलेली असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. रात्री इंजिन बंद पडल्यावर काय होणार, याचा बराचसा निकाल इंजिन सुरू करण्याआधीच लागलेला असतो. तो लावणारा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे उंची. आणि हा आकडा आपण नशिबावर, सवयीवर आणि एका जुन्या विनोदावर सोडून दिलाय.

सव्वा मिनिट की साडेसहा मिनिटं

आधी साधा हिशोब करू. सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेलं विमान आहे. चार जागा, एक इंजिन, पुढे एक पंखा. अमेरिकेतल्या शिकाऊ पायलटांपैकी असंख्य जण यातच शिकतात. इंजिन बंद पडलं की हे विमान दगडासारखं खाली पडत नाही. मॉडेलप्रमाणे ६५ ते ६८ नॉटचा वेग धरला, तर एक फूट खाली येताना ते साधारण नऊ फूट पुढे जातं.

म्हणजे जमिनीपासून १,००० फुटांवर असाल, तर तुमच्या हातात साधारण दीड नॉटिकल मैल आहेत, म्हणजे पावणेतीन किलोमीटर. आणि वेळ? सव्वा मिनिट. जमिनीपासून ५,००० फुटांवर असाल, तर जवळपास १४ किलोमीटर आणि साडेसहा मिनिटं.

आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात जायचीही गरज नाही, दहावीची भूमिती पुरे. तुम्ही कुठल्याही दिशेला वळू शकता, म्हणजे तुमच्या आवाक्यात एक वर्तुळ आहे. त्रिज्या पाचपट झाली की क्षेत्रफळ पंचवीसपट होतं. १,००० फुटांवरून तुमच्या आवाक्यात साधारण २५ चौरस किलोमीटर जमीन येते. ५,००० फुटांवरून सुमारे ६००. (वळण्यात थोडी उंची जाते, वाराही वर्तुळ सरकवतो, पण फरकाचा आवाका हाच.) त्या ६०० चौरस किलोमीटरमध्ये एखादी दिव्यांची धावपट्टी असण्याची शक्यता आणि २५ मध्ये असण्याची शक्यता, यांची तुलना तुम्हीच करा.

दिवसा हा फरक इतका जीवघेणा नसतो. १,००० फुटांवरूनही शेत दिसतं, कुंपण दिसतं, विजेचे खांब दिसतात. रात्री मात्र खालचा काळा चौकोन शेत आहे, तळं आहे की झाडी आहे, ते कळत नाही. उजेड दिसतो तो रस्ता असतो आणि रस्त्यावर गाड्या असतात, वर तारा असतात. रात्री भरवसा ठेवावा अशी एकच जागा आहे: धावपट्टी. दिवसा उंची तुम्हाला शेत निवडायला वेळ देते. रात्री ती तुम्हाला धावपट्टीपर्यंत नेते. म्हणून रात्रीची उंची दिवसापेक्षा जास्त हवी. प्रत्यक्षात कित्येक जण दोन्ही वेळा त्याच उंचीवर उडतात, कारण ‘नेहमी तिथूनच जातो’.

वेळेचंही तसंच. इंजिन थांबल्यावर पायलटने काय काय करायचं असतं बघा. योग्य वेग धरायचा. वळायचं. इंधनाची दुसरी टाकी लावून बघायची. इंधन-हवेचं मिश्रण तपासायचं. कार्बोरेटर असेल तर त्याची हीट ओढायची, कारण दमट हवेत आत बर्फ धरून इंजिन घुसमटतं आणि तो बर्फ वितळायला वेळ लागतो. इग्निशन तपासायचं. रेडिओवर सांगायचं. प्रवाशांना पट्टे आवळायला लावायचे. हे सगळं अंधारात, टॉर्चच्या उजेडात. सव्वा मिनिटात यातलं निम्मंही होत नाही. साडेसहा मिनिटांत सगळं होतं आणि काही वेळा इंजिन पुन्हा सुरूही होतं.

इंजिन बंद पडल्यावर उंची मिळवता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. आणि तो विनोद सांगतो की विहीर खणून तरी काय उपयोग?

‘इंजिनाला काय माहीत रात्र झालीय!’

या विनोदाचं एक सख्खं भावंडही आहे: ‘इंजिनाला थोडंच कळतं की बाहेर अंधार आहे?’ हे वाक्य फार तर्कशुद्ध वाटतं आणि म्हणूनच जास्त धोक्याचं आहे.

इंजिनाला कळत नाही, खरंय. बंद पडण्याची शक्यता अंधारामुळे वाढत नाही. पण जोखीम म्हणजे केवळ शक्यता नव्हे. शक्यतेला परिणामाने गुणावं लागतं. माझ्या रोजच्या कामात हे शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं साधं आहे. एखादा सर्व्हर दुपारी तीनला पडला आणि सगळी टीम जाग्यावर आहे, ही एक गोष्ट. तोच सर्व्हर पहाटे तीनला पडला आणि बॅकअप घेतलेला नाही, ही दुसरी. सर्व्हरला वेळ कळत नाही. ती कळण्याचं काम आपलं असतं. त्यासाठीच पगार मिळतो.

शिवाय ‘इंजिन बंद पडलं’ हे वाक्यच लबाड आहे. इंजिन बिचारं अनेकदा नीट असतं, त्याला खायला दिलेलं नसतं. अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीच्या नोंदींप्रमाणे २०११ ते २०१५ या काळात इंधनाच्या हिशोबातल्या चुकांमुळे दर वर्षी सरासरी पन्नासहून अधिक छोट्या विमानांना अपघात झाले. कुणाची टाकी संपली. कुणाच्या दुसऱ्या टाकीत इंधन होतं, पण कळ फिरवलेली नव्हती. अमेरिकेचा नियम सांगतो की पोचल्यावर दिवसा किमान ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं इंधन उरेल, असा बेत करूनच निघा. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनाही कळलं होतं की रात्र वेगळी आहे. निदान इंधनाच्या बाबतीत कळलं होतं. उंचीच्या बाबतीत काय झालं, ते पुढे सांगतो.

ज्या रात्री इंजिनं धडधाकट होती

आत्तापर्यंत आपण बंद पडलेल्या इंजिनाबद्दल बोलत होतो. त्या विनोदाचा आणखी एक दोष म्हणजे तो रात्रीची सगळी भीती इंजिनावर ढकलून मोकळा होतो. पण रात्री उंचीच्या चुकीने माणसं मरतात तेव्हा इंजिन कित्येकदा शेवटच्या क्षणापर्यंत व्यवस्थित चालू असतं.

२३ नोव्हेंबर २०११. ॲरिझोनातल्या मेसा शहराचा फाल्कन फील्ड विमानतळ. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एक एरो कमांडर ६९०ए विमान सॅफोर्डकडे निघालं. आत सहा जण, त्यांतली तीन मुलं, वडिलांबरोबर सुट्टीसाठी निघालेली. आकाश स्वच्छ होतं, पण अमावास्या दोन दिवसांवर आलेली, चंद्राचा उजेड नाही. पूर्वेला सुपरस्टिशन पर्वत उभा. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट. त्या भागात फिनिक्सच्या मोठ्या विमानतळाचं नियंत्रित हवाई क्षेत्र ५,००० फुटांपासून वर सुरू होत होतं आणि परवानगीशिवाय त्यात शिरता येत नाही. विमान त्याच्या खालून, सुमारे साडेचार हजार फुटांवरून सरळ गेलं आणि कड्यावर आदळलं. कुणीही वाचलं नाही.

ते दोन इंजिनांचं विमान होतं. तेही टर्बोप्रॉप. ‘मला रात्रीची भीती नाही, माझ्याकडे दुसरं इंजिन आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. मेसाच्या खोऱ्यातली जमीन १,४०० फुटांवर आहे. म्हणजे निघाल्यावर त्यांच्या पायाखाली तीन हजार फूट हवा होती. खाली दिवे, वर तारे, आणि पुढे काळ्यावर काळं.

सॅन दिएगोजवळच्या ओटाय डोंगराची गोष्ट तर आणखी अंगावर येते. १६ मार्च १९९१च्या मध्यरात्रीनंतर गायिका रीबा मॅकएंटायर यांच्या ताफ्यातल्या लोकांना घेऊन निघालेलं एक जेट ब्राउन फील्डवरून उडालं आणि या डोंगरावर आदळलं. दहा जण गेले. २४ ऑक्टोबर २००४ला, पुन्हा मध्यरात्रीनंतर, त्याच ब्राउन फील्डवरून एक लिअरजेट उडालं आणि त्याच डोंगरावर आदळलं. पाच जण गेले. दोन्ही वेळा पायलट व्यावसायिक होते. दोन्ही वेळा बाहेर बघत, म्हणजे डोळ्यांच्या भरवशावर उडण्याच्या नियमांखाली विमान निघालं होतं. दोन्ही वेळा इंजिनं चालू होती. तेरा वर्षांत डोंगर हलला नाही आणि आपली सवयही हलली नाही.

आणि रात्रीच्या छोट्या विमानाचा सगळ्यात गाजलेला अपघात, १६ जुलै १९९९चा, जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांचा? तिघे गेले. पाइपर साराटोगा, एकच इंजिन, काळोख्या धूसर रात्री समुद्रावर. तपासात निघालं की इंजिनाचा काही दोष नव्हता. क्षितिज दिसेनासं झालं, दिशेचं भान गेलं आणि विमान फिरत समुद्रात गेलं. तिथे उंचीही कामी आली नसती. काट्यांवर विश्वास ठेवून उडण्याची सवय हवी होती. हे उदाहरण मुद्दाम देतोय, कारण उंची हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे, असा माझा दावा नाही. दावा इतकाच आहे की रात्रीच्या दोन मोठ्या संकटांवर, न दिसणाऱ्या डोंगरावर आणि थांबलेल्या इंजिनावर, उपाय एकच आहे. तो जवळपास फुकट आहे. आणि तरी आपण तो घेत नाही.

नियम कुणाला वाचवतो?

आता नियमाकडे येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे.

अमेरिकेत किमान उंचीचा नियम आहे, कलम ९१.११९. त्यातला पहिला भाग असा: इंजिन बंद पडल्यास जमिनीवरच्या माणसांना किंवा मालमत्तेला अवाजवी धोका न होता उतरता येईल, इतक्या उंचीवर उडा. पुन्हा वाचा. जमिनीवरच्या माणसांना. विमानात बसलेल्यांचा त्यात उल्लेख नाही. दुसरा भाग: दाट वस्तीवर असाल तर २,००० फुटांच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर १,००० फूट. तिसरा: इतरत्र ५०० फूट. उजाड प्रदेशावर किंवा खुल्या पाण्यावर तेही नाही; कुठल्याही माणसापासून, वाहनापासून, बांधकामापासून ५०० फूट लांब राहा म्हणजे झालं.

या कलमात ‘रात्र’ हा शब्द कुठेच नाही. भर दुपारी आणि अमावास्येच्या रात्री किमान उंची सारखीच.

बरं, त्यांना सुचलं नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या छोट्या विमानांसाठी त्याच अमेरिकेत कलम १३५.२०३ आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की रात्री तुमच्या मार्गापासून पाच मैलांच्या आतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान १,००० फूट वर राहा आणि डोंगराळ म्हणून ठरवलेल्या प्रदेशात २,००० फूट. युरोपात तर खासगी विमानांनाही रात्री जवळपास हेच बंधन आहे: आठ किलोमीटरच्या आतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर १,००० फूट, उंच डोंगराळ भागात २,०००.

म्हणजे अमेरिकेत तिकिटाचे पैसे मोजलेल्या अनोळखी प्रवाशासाठी रात्रीची वेगळी उंची आहे. स्वतःची पोरं, बायको, मित्र यांना घेऊन निघालात, तर नाही. हा फरक कुठल्या तर्काने करायचा? डोंगराला तिकीट दिसतं का?

सुपरस्टिशनवर हा हिशोब लावून बघा. माथा सुमारे ५,००० फूट. १,००० मिळवले तर ६,०००, २,००० मिळवले तर ७,०००. साडेचार हजार फुटांवरून त्या दिशेला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. कंट्रोलरकडे वर चढण्याची परवानगी मागायची, नाहीतर वळसा घालायचा. रेडिओवरचं एक वाक्य किंवा काही मिनिटांचा उशीर. पण ते उड्डाण खासगी नियमांखाली होतं आणि तिथे असा आकडा कुणी मागत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी: प्रवासी बसलेल्या प्रत्येक खासगी विमानाला रात्रीसाठी हाच आकडा लागू करा. नवं काही शोधायचं नाही, शेजारच्या कलमातून उचलायचं आहे. आणि हा आकडा काढणं अवघडही नाही. पायलटांच्या नकाशावर प्रत्येक चौकटीत ठळक निळ्या रंगात त्या चौकटीतल्या सर्वांत उंच जागेचा आकडा छापलेला असतो. त्यात हजार किंवा दोन हजार मिळवायचे. बेरीज पहिलीत शिकवतात.

‘पण’वाले

आता आक्षेप. यातले काही खरे आहेत, म्हणून ते झटकून टाकणार नाही.

‘वर ढग असतील तर?’ तर त्या रात्री जाऊ नका. ठरवलेली उंची ढगांमुळे मिळत नसेल, तर ‘थोडं खालून जाऊ’ हे उत्तर नाही. ओटाय डोंगरावरचे लोक खालूनच गेले.

‘उंचावर ऑक्सिजन कमी, त्यात रात्री दिसणं आणखी मंदावतं.’ अगदी खरं. म्हणूनच अमेरिकेची विमान यंत्रणा, एफएए, रात्री ५,००० फुटांच्या वर ऑक्सिजन वापरायची शिफारस करते, जरी सक्ती साडेबारा हजारांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहिलात तरच आहे. तेव्हा डोंगराळ भागात रात्री वर जायचं असेल, तर छोटा सिलिंडर बरोबर ठेवा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर करोनाच्या काळात घरोघरी आलं, तेही पिशवीत टाका.

‘टेकऑफनंतर पहिल्याच मिनिटात इंजिन गेलं तर?’ तर उंची नाही आणि पर्यायही फारसे नाहीत. ही जोखीम कुणीच पुसू शकत नाही. पण एक-दीड मिनिट खरोखर नशिबाच्या हाती आहे, म्हणून पुढचे दोन तासही त्याच्याच हाती देऊन टाकायचे, हा कुठला न्याय?

‘मग पॅराशूटवालं विमान घ्या ना.’ सिरस कंपनीच्या विमानांत अख्ख्या विमानालाच पॅराशूट असतं आणि त्याने माणसं वाचली आहेत. पण ते उघडून विमान सावरेपर्यंत काहीशे फूट खर्च होतात. म्हणजे पॅराशूटही आधी उंचीच मागतं.

आणि शेवटचा, सगळ्यात सोपा आक्षेप: ‘रात्री एका इंजिनाने उडूच नये. बंदी घाला.’ भारतात जवळपास तसंच आहे. बाहेर बघत उडण्याच्या नियमांखाली सूर्यास्त ते सूर्योदय उड्डाण करता येत नाही. विमानतळाभोवतीची आणि फ्लाइंग क्लबांची प्रशिक्षणाची उड्डाणं तेवढी कंट्रोलरच्या परवानगीने होतात. बंदीने अपघात टळतात, नाकारत नाही. पण बंदी निर्णय घ्यायला शिकवत नाही. आणि आपली पोरं शिकायला बाहेर गेली, की त्यांना एकदम मोकळं काळं आकाश मिळतं आणि बरोबर तो विनोद मिळतो.

आपला काय संबंध?

संबंध आहे. महाराष्ट्रातून कितीतरी मुलंमुली पायलट व्हायला अमेरिकेत जातात. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. विमानाचं भाडं तासावर असतं आणि मीटर इंजिन सुरू झाल्यापासून पळतो. वर चढायला काही मिनिटं जास्त लागतात, वळसा घालायला आणखी काही. तेवढ्या पैशांचा हिशोब डोक्यात असणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला ‘खालून सरळ जा’ हा मोह किती मोठा असेल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरे आमच्यासारखे. दिवसभर सॉफ्टवेअर, हौस म्हणून विमान. हिवाळ्यात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, मीटिंग सहाला संपते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस आमच्या वाट्याला येते ती रात्रच.

आणि तयारी किती? अमेरिकेत खासगी परवान्यासाठी रात्रीचं प्रशिक्षण किमान तीन तास, त्यात दहा टेकऑफ आणि लँडिंग. परीक्षेचं उड्डाण दिवसा झालं तरी चालतं. पुढे रात्री प्रवासी न्यायचे, तर गेल्या नव्वद दिवसांत रात्रीचे तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग पुरेत. विमानतळाभोवती तीन चकरा मारल्या की कायद्याने तुम्ही तयार! अंधारात इंजिन थांबलं तर कुठे जायचं, हे त्या तीन चकरांत कुणी विचारत नाही.

म्हणून माझी दुसरी मागणी शाळांकडे आहे. रात्रीच्या प्रत्येक उड्डाणाआधी विद्यार्थ्याने कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: जमिनीपासूनची उंची (समुद्रसपाटीपासूनची नव्हे, तरंगताना मोजायची ती जमिनीपासूनचीच), वाटेतल्या धावपट्ट्या, आणि ज्या पट्ट्यात एकही धावपट्टी आवाक्यात नाही त्याची लांबी. आयपॅडवर फोरफ्लाइटसारखं ॲप असतंच, ते तरंगत जाण्याचं वर्तुळ नकाशावर काढून दाखवतं. ते संकटात बघायला ठेवू नका. जमिनीवर असताना बघा आणि वर्तुळात धावपट्टी येईपर्यंत उंची वाढवा किंवा मार्ग वळवा.

तिसरी मागणी तुमच्याकडे, म्हणजे ज्यांना विमान उडवायचं नाही त्यांच्याकडे. अमेरिकेतला एखादा मित्र म्हणेल, ‘चल, रात्री शहराचे दिवे वरून दाखवतो.’ जरूर जा, फार सुंदर दिसतं. पण बसण्याआधी तीन प्रश्न विचारा. जमिनीपासून किती उंचीवरून जाणार? वाटेत इंजिन थांबलं तर कुठे उतरणार? पोचल्यावर टाकीत किती वेळाचं इंधन उरेल? चांगला पायलट या प्रश्नांवर चिडत नाही; त्याला बरंच वाटतं, कारण उत्तरं त्याच्याकडे तयार असतात. आणि उत्तर म्हणून तुम्हाला तो दिव्याचा विनोद ऐकायला मिळाला, तर सरळ जमिनीवरूनच शहराचे दिवे बघा.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेत कित्येक छोट्या विमानतळांवर रात्री माणूस नसतो आणि धावपट्टीचे दिवे बंद किंवा मंद असतात. ते पायलटनेच लावायचे असतात. तिथली फ्रिक्वेन्सी रेडिओवर लावून पाच सेकंदांत सात वेळा माइकचं बटण दाबलं, की खालचा काळोख फाटतो आणि दिव्यांची ओळ पूर्ण तेजाने पेटते. त्यासाठी ती धावपट्टी कुठे आहे, तिची फ्रिक्वेन्सी काय, हे आधी माहीत असावं लागतं आणि तिथवर पोचण्याइतकी उंची हातात असावी लागते.

त्या विनोदात दिवा चुकीचा आहे. रात्री इंजिन थांबलं की नाकावरचा दिवा लावायचा की विझवायचा, हा शेवटच्या काही सेकंदांचा प्रश्न. खालचा दिवा लावता येईल का, हा निघण्याआधीचा. आणि तो प्रश्न कॉफीच्या टेबलावर कुणी विचारत नाही, कारण त्यावर हसू येत नाही.